आमच्या घरचे संकेतस्थळ

'संकेतस्थळ' हा शब्द आमच्या पिढीने पहिल्यांदा ऐकला तो संस्कृत काव्याच्या तासाला. काळोखी रात्र, गरजणारे मेघ, आवाज होऊ नये म्हणून पायांतली नूपुरे वर सारून लगबगीने निघालेली अभिसारिका, आणि पलीकडे ठरल्या जागी वाट पाहणारा तिचा प्रियकर. ती ठरलेली जागा म्हणजे संकेतस्थळ. हा शब्द आला की मास्तर खिडकीबाहेर पाहत आणि आम्ही मुले एकमेकांकडे पाहत असू. 'वेबसाइट'ला प्रतिशब्द शोधताना कोणा भाषापंडिताला नेमका हाच शब्द का सुचला असेल, कोण जाणे! पण त्यामुळे गेले काही महिने आमच्या घरात मोठी मौज चालली आहे. साठी उलटलेली आमची सौभाग्यवती कोपरापर्यंत पिठाने माखलेले हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते आणि भर दुपारी, चार बायकांदेखत मला विचारते, "अहो, आपलं संकेतस्थळ कधी ठरायचं?"

तिचा प्रश्न रास्त आहे. नेरूळच्या आमच्या घरात गेली वीस-बावीस वर्षे एक लहानसा उद्योग चालतो. थालीपिठाची भाजणी, उपासाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला हा बारमाही माल. आणि दिवाळीच्या आधी महिनाभर फराळ. मागच्या खोलीत दोन मोठ्या शेगड्या आहेत, एक छोटी चक्की आहे. जवळच्या करावे गावातून चौघीजणी सकाळी नऊला येतात आणि पाचला परत जातात. दिवाळीत आणखी दोघी येतात. धणे, मिरच्या, डाळी वाशीच्या बाजारातून येतात. हात, चव आणि जीभ सौभाग्यवतीची. माझ्याकडे फक्त वही. मी जमाखर्च लिहितो, फोन घेतो आणि कोणी विचारलेच तर भाजणीत काय काय असते ते सांगतो. ते सांगताना मी दरवेळी एखादे धान्य विसरतो, अशी आतून सूचना येते.

इतकी वर्षे गिऱ्हाईक आले ते एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी. मग मोबाईल आले, व्हॉट्सॲप आले आणि ऑर्डरी त्यावर येऊ लागल्या. आमच्या लेकीने एका समाजमाध्यमावर दुकानाचे पानही उघडले. चकल्यांची, कडबोळ्यांची छायाचित्रे तिथे लागू लागली. लोक खाली चार कौतुकाचे शब्द लिहीत. परदेशी गेलेल्या एका मुलीने 'आजीच्या हातची आठवण झाली' असे लिहिले होते, ते सौभाग्यवतीने मला तीनदा वाचायला लावले. असे ते पान आठ वर्षे चालले आणि एका सकाळी नाहीसे झाले. 'नियमांचा भंग' एवढाच खुलासा आला. कोणत्या नियमाचा, ते काही कळले नाही. दाद मागावी म्हटले तर तिथे ना खिडकी, ना कारकून, ना साहेब. आपल्याकडे सरकारी कचेरीत निदान 'उद्या या' असे सांगणारा तरी माणूस भेटतो! लेकीने पंधरा दिवस खटपट केली आणि नाद सोडला. आठ वर्षांचे शब्द गेले ते गेलेच.

त्या दिवसापासून सौभाग्यवतीने एक वाक्य धरले : "दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेलं दुकान ते. त्यानं झाडू फिरवला की संपलं." तेव्हा आता स्वतःची जागा हवी. थोरला मुलगा बंगळूरला असतो. त्याने ही संधी साधून सांगितले, "बाबा, वेबसाइट करा. सगळ्या देशात माल जाईल." आणि सानपाड्याच्या एका होतकरू मुलाला त्याने आमच्याकडे पाठवून दिले.

मुलगा गुणी. आल्याबरोबर "काका, काकू" म्हणून वाकून नमस्कार केला. मग त्याने आपला संगणक उघडून आम्हांला नमुने दाखवले. एका मिठाईवाल्याच्या पानावर लाडू वरून खाली गरगरत येत होते. "आपण चकल्या आणू," तो म्हणाला.

"चकली वरून पडली की मोडते," सौभाग्यवती म्हणाली.

मग त्याने विचारले, "काकू, रंग कोणता हवा?"

"कशाचा?"

यावर त्याला उत्तर सुचले नाही, आणि मला वाटते, आमच्या संकेतस्थळाची खरी आखणी त्या क्षणाला सुरू झाली. कारण रंग ठरवायचा कशाचा, हेच अजून ठरले नव्हते.

आम्ही राहतो ते शहरच मुळी आधी कागदावर वसले. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी १९६५ साली 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली, नकाशे निघाले, आणि मग सेक्टर, प्लॉट, नोड हे शब्द आमच्या पत्त्यांत येऊन बसले. नव्या मुंबईत राहणाऱ्या माणसाला नकाशाचे मोल कळते, तसाच नकाशाचा भरवसा किती धरावा हेही कळते. खाडीवरचा पूल १९७३ साली झाला. पण मानखुर्दहून आगगाडी खाडी ओलांडून वाशीला आली ती १९९२ साली. मधली वर्षे पहिल्या रहिवाशांनी बसच्या रांगांत काढली. म्हणून सानपाड्याच्या त्या मुलाने आमच्या पानावर दोन ठिकाणी 'लवकरच येत आहे' अशी पाटी लावायचे सुचवले, तेव्हा मी त्याला ठामपणे नको म्हटले. जे आज नाही त्याची पाटी लावू नये. ज्या दिवशी असेल त्या दिवशी लावावी.

त्याऐवजी मी त्याला बेलापूरचे 'आर्टिस्ट्स व्हिलेज' पाहून यायला सांगितले. कोरियांनीच १९८० नंतरच्या दशकात ती वसाहत बांधली. एका लहान चौकाभोवती सात-सात घरे. प्रत्येक घर आपापल्या जमिनीवर सुटे उभे, शेजाऱ्याची भिंत आपल्या भिंतीला लागलेली नाही. सुरुवातीला घर अगदी लहान, पण मालकाला पैसे मिळतील तशी खोली वाढवता यावी, वर मजला चढवता यावा, हा त्यातला मूळ विचार. कालांतराने तिथल्या लोकांनी घरे इतकी वाढवली की पुष्कळ ठिकाणी मूळ घर शोधावे लागते! लहान दुकानाचे संकेतस्थळ असे बांधावे असे मला वाटते. आज चार खोल्या. उद्या पाचवी लागली तर पहिल्या चार पाडाव्या लागू नयेत.

आता त्या चार खोल्या कोणत्या, हे कसे ठरवायचे? इथे माझी वही कामाला आली.

गेल्या दिवाळीत मी एक उद्योग केला होता. फोनवर लोक जे जे विचारत ते ते वहीच्या मागल्या पानांवर टिपून ठेवत होतो. त्या वेळी हेतू वेगळा होता. एकच प्रश्न किती वेळा विचारला जातो ते सौभाग्यवतीला दाखवून तिची सहानुभूती मिळवावी, एवढाच. पण ती पाने समोर घेऊन बसलो तेव्हा कळले की संकेतस्थळाचा आराखडा गिऱ्हाइकांनी आधीच लिहून दिला आहे. 'आमच्याविषयी', 'आमची दूरदृष्टी', 'आमचे ध्येय' असली पाने त्या मुलाच्या नमुन्यांत होती. वीस-बावीस वर्षांत एकाही माणसाने आम्हांला आमची दूरदृष्टी विचारलेली नाही.

लोक विचारतात ते असे. आज मिळेल का? चकलीत लसूण आहे का? तेल शेंगदाण्याचे की पामचे? चिवडा किती दिवस टिकेल? आमच्या सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांना चालेल असे काय आहे? अर्धा किलो देता का? स्टेशनच्या कोणत्या बाजूला उतरायचे? आणि शेवटी, जरा दबक्या आवाजात : काही कमी होईल का? यातल्या बहुतेक प्रश्नांना एक-एक ओळीचे उत्तर आहे. मधुमेहाच्या प्रश्नाला मात्र सौभाग्यवती प्रत्येक वेळी निराळे उत्तर देते, कारण ती आधी 'किती साखर आहे, गोळी घेतात का' अशी चौकशी करते आणि शेवटी 'डॉक्टरांना विचारा' म्हणते. ते पानावर मावणारे नव्हे. तिथे आम्ही 'फोन करा' असे लिहायचे ठरवले. सगळेच लिहून टाकले तर बोलायला माणूस उरणार नाही, आणि आमचे निम्मे गिऱ्हाईक बोलण्यासाठी येते.

अनारशांचा प्रश्न सर्वांत अवघड निघाला. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजायला हवेत, रोज पाणी बदलायला हवे, मग वाळवणे, दळणे, गूळ घालून पीठ मुरवणे. आज सांगितले आणि उद्या मिळाले असे त्याचे नाही. फोनवर हे समजावताना लोक ऐकतात, कारण सौभाग्यवती ते गोष्टीसारखे सांगते. पानावर मात्र त्या मुलाने प्रत्येक पदार्थाखाली एकसारखे बटन ठेवले होते : 'खरेदी करा'. अनारशाखालीही तेच.

"हे बटन दाबलं की काय होईल?" तिने विचारले.

"पैसे जमा होतील, काकू."

"आणि अनारसे?"

मुलगा हसला, पण ती हसली नाही. आणि त्या दिवशी प्रथमच मला या सगळ्या खटाटोपातली जोखीम नीट दिसली. मुलाला बंगळूरहून सगळा देश दिसतो. तिला दिसते ती कढई. एका कढईत एका वेळी किती चकल्या सुटतात, एका घाण्याला किती वेळ लागतो, चौघींचे हात दिवसात किती वेळा सोऱ्या फिरवतात, याचा हिशेब तिच्या अंगात मुरला आहे. त्याच्यापुढे ऑर्डर गेली की काय होते ते आम्ही एका दिवाळीत पाहिले होते. बायका रात्री नऊपर्यंत थांबल्या. एकीचे मनगट सुजले. सौभाग्यवतीने त्या वर्षी भाऊबीजेला ताट ओवाळले ते डाव्या हाताने. दुकानाच्या दारात गिऱ्हाईक उभे असते तेव्हा 'आज संपलं हो' म्हणता येते. बटनाला ते कळत नाही. रात्री दोन वाजताही ते हो म्हणते.

म्हणून ठरले ते असे. पहिल्या वर्षी पैसे घेणारे बटनच नाही. पदार्थ, भाव, वजन, कशात काय घातले आहे, किती दिवस टिकेल, किती दिवस आधी सांगावे, हे सगळे स्वच्छ लिहायचे. खाली फोन नंबर आणि ऑर्डर लिहून पाठवायची एक छोटी चौकट. आम्ही 'हो' म्हटले तरच ऑर्डर पक्की. पैसे मग मोबाईलवरून. २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून आमच्याकडे भाजीवालीसुद्धा चौकोनी नक्षी टांगून बसते, तेव्हा त्यासाठी वेगळी यंत्रणा कशाला? आणि मुखपृष्ठावर, अगदी वर, एक ओळ रोज बदलता येईल अशी. त्या दिवसाचे घाणे भरले की तिथे लिहायचे : 'आजच्या ऑर्डरी पूर्ण झाल्या.' ही ओळ बदलायला त्या मुलाला सानपाड्याहून बोलवावे लागू नये, मला माझ्या मोबाईलवरून बदलता यावी, अशी अट मी घातली. त्याला वाटले म्हाताऱ्याची हौस. पण ती तशी नव्हती. बदलणारी गोष्ट ज्याच्या हाती नसते त्याचे पान लवकरच खोटे पडते. परदेशी पार्सलांचेच पाहा. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेने लहान पार्सलांची जकातमाफी काढून घेतली आणि आपल्या टपाल खात्याने तिकडची पार्सले काही आठवडे घेणेच थांबवले. ऐन फराळाच्या तोंडावर! ज्यांच्या पानावर 'अमेरिकेत घरपोच' असे ठळक अक्षरांत कोरलेले होते, त्यांचे काय झाले असेल?

कायद्याचीही काही कलमे आहेत, ती मी वाचून काढली. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला अन्नसुरक्षा खात्याकडचा चौदा आकडी क्रमांक लागतो. तो आमच्याकडे आहे, पाकिटावर छापलेला आहे, तो पानावरही हवा. शिवाय ग्राहक संरक्षण कायद्याखाली २०२० साली ई-व्यापाराचे नियम आले आहेत. त्यांप्रमाणे धंद्याचे कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार ऐकणाऱ्या माणसाचे नाव जाहीर करावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत. आमच्या घरी तक्रारनिवारण अधिकारी कोण, यावर फार चर्चा झाली नाही. माझे नाव घालण्यात आले. इतकी वर्षे हे काम बिनहुद्द्याचे करीत होतो, एवढाच फरक.

भाषेचा मुद्दा माझ्या जिव्हाळ्याचा. मुलाने सगळे इंग्रजीत मांडले होते. मी म्हटले, 'थालीपिठाची भाजणी' शोधणारा माणूस ती मराठीतच शोधणार. त्यावर त्याने भावफलक मराठीत केला खरा, पण एका सुंदर चित्रात. अक्षरे वळणदार, कडेने वेलबुट्टी. चित्रातली अक्षरे शोधयंत्राला नीट वाचता येतीलच असे नाही, ती मोबाईलवर मोठी केली की फुटतात, आणि भाव वाढला की पुन्हा चित्र काढा! वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मराठी संकेतस्थळे उघडायची म्हणजे आधी ज्याचा त्याचा टंक उतरवून घ्यावा लागे. तो नसला की बातमीच्या जागी भुताची बाराखडी दिसे. युनिकोड या जागतिक संकेतावलीत देवनागरी १९९१ पासून आहे. तिचा वापर रुळला आणि ते दुखणे गेले. इतक्या खटपटीने मिळालेली अक्षरे पुन्हा चित्रात कोंडायची म्हणजे दिवा लावून त्यावर सूप झाकण्यासारखे! झाले, भावफलक साधा झाला. कामाचे शब्द देवनागरीत, आणि खाली इंग्रजीत चार ओळी, कारण शेजारच्या तमिळ बाईंनाही मेतकूट आवडते.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली जगापुढे ठेवलेले पहिले संकेतस्थळ मी त्या मुलाला दाखवले. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या प्रयोगशाळेने ते जपून ठेवले आहे. त्यात चित्र नाही, रंग नाही, काही उडत नाही, काही पडत नाही. ही काय वस्तू आहे, कशी वापरावी, कोणाला विचारावे, एवढेच साध्या ओळींत लिहिले आहे. आणि आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर 'किर्लोस्कर खबर'चे घ्या. नांगर बनवणाऱ्या कारखान्याची हकीकत गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून किर्लोस्करवाडीहून १९२० साली ते पत्रक निघाले. शंकरराव किर्लोस्करांनी ते चालवले आणि पुढे त्याचे महाराष्ट्राच्या घराघरांत वाचले जाणारे मासिक झाले. लोखंडाच्या सामानाची जाहिरात करायला निघालेल्या माणसाने वाचकाशी सरळ बोलायचे ठरवले की काय होते, ते त्यात दिसते. आम्ही मासिक काढणार नाही, घाबरू नका. पण भाजणी कशी भाजावी, कोणते धान्य किती तांबूस झाले की उतरवावे, हे सौभाग्यवतीच्या शब्दांत एका पानावर लिहायचे ठरले आहे. मुलगा म्हणाला, "काकू, मग लोक घरीच करतील." ती म्हणाली, "करू देत. एकदा करतील, मग फोन करतील."

नावाला मात्र तीन आठवडे लागले. सौभाग्यवतीला नावात 'भाजणी' हवी होती. पण रोमन लिपीत हा शब्द चौघे चार तऱ्हांनी लिहितात. कोणी 'जे'नंतर 'ए' घालतो, कोणी गाळतो, कोणी शेवटी 'आय' लावतो तर कोणी दोनदा 'ई'. फोनवर पत्ता सांगताना तो एका दमात सांगता आला पाहिजे, ऐकणाऱ्याने तो चुकीचा लिहिता कामा नये, ही कसोटी मी लावली आणि घरातल्या सगळ्यांची आवडती नावे तिथेच गळाली. शेवटी उरले ते चार अक्षरांचे साधे नाव, पुढे 'डॉट इन'. 'डॉट भारत' हा देवनागरी पत्ताही २०१४ पासून मिळू लागला आहे. तोही घेऊन ठेवावा असा माझा आग्रह होता आणि तो मान्य झाला.

आणि मग ती गोष्ट निघाली. दुपारचा चहा चालला होता. मुलगा सौभाग्यवतीला समजावत होता की हा पत्ता विकत मिळत नाही, मुदतीने मिळतो. दरसाल पैसे भरायचे, किंवा एकदम काही वर्षांचे. मला त्यात नवल वाटले नाही. आमच्या घराखालची सिडकोची जमीनसुद्धा साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यानेच आहे. "मी माझ्या खात्यावरून घेऊन टाकतो, काकू, तुम्हांला त्रास नको," तो भाबडेपणाने म्हणाला. तेव्हा करावे गावच्या बायकांतली सर्वांत वयस्कर बाई, जी एरवी परक्या माणसापुढे तोंड उघडत नाही, ती बशी खाली ठेवून म्हणाली, "पन यो पत्ता कोनाचे नावावर हाय?"

ही बाई कोणत्या अनुभवातून बोलत होती ते नव्या मुंबईत सांगावे लागत नाही. हे शहर कागदावर आखले गेले तेव्हा कागदाखाली पंचाण्णव गावांच्या जमिनी होत्या. भातशेती होती, मिठागरे होती. त्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी उठले. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच माणसे मेली. आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ज्यांच्या घरी उताऱ्यावरचे नाव शोधण्यात दोन पिढ्या गेल्या, त्यांना संगणक कळो न कळो, हा प्रश्न आधी कळतो.

मुलगा गोरामोरा झाला. त्याच्या मनात काही वावगे नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. पण माझ्या ओळखीच्या एका औषधवाल्याचे असेच झाले होते. त्याच्या दुकानाचा पत्ता पान बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतला, पुढे तो माणूस गाव सोडून गेला, मुदत संपल्याची सूचना त्याच्याकडे गेली आणि ती कोणी पाहिली नाही. मुदत संपल्यावरही काही दिवस दंड भरून पत्ता सोडवता येतो. ते दिवसही गेले. दुसऱ्याच कोणी तो पत्ता उचलला. आज त्या औषधवाल्याच्या जुन्या पिशव्यांवर छापलेला पत्ता उघडला तर जुगाराच्या जाहिराती दिसतात. त्याने पिशव्या बदलल्या. पण पिशव्या लोकांच्या घरी पडून आहेत.

तेव्हा मी माझे कागद आणायला उठलो. घर माझ्या नावावर, विजेचे बिल माझ्या नावावर, गॅस माझ्या नावावर, फोन माझ्या नावावर. हाही पत्ता त्याच रांगेत जाऊन बसला असता आणि कोणाच्या ते लक्षातही आले नसते. पण त्या बाईने माझ्याकडे न पाहता सौभाग्यवतीकडे बोट केले. "वैनीच्या नावानं घ्या. काम वैनीचं हाय."

क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग सौभाग्यवती म्हणाली, "बिल आलं तर?" मी म्हटले, "तुझ्याच नावाने येईल. भरीन मी." तिने पदराला हात पुसले आणि मुलाने दिलेल्या चौकटीत स्वतःचे नाव, वडिलांनी ठेवलेले पहिले आणि नंतरचे सगळे, एका बोटाने एक-एक अक्षर शोधत लिहिले. बराच वेळ लागला. चहा निवला. संकेतशब्द निवडताना तिने आम्हां सगळ्यांना तोंडे फिरवायला लावली, आणि तो काय आहे ते मला आजतागायत ठाऊक नाही. पाच वर्षांचे पैसे भरले आहेत. मुदत कधी संपते ती तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती देवघराच्या खणात ठेवली आहे. दर पाडव्याला ती नव्या पंचांगात सरकवायची, असे ठरले आहे.

आता पाने जवळजवळ लिहून झाली आहेत. छायाचित्रे लेकीने काढली. मुलाने ती आणखी लहान केली, कारण खाडीपुलावर गाडीत बसून पाहणाऱ्याच्या मोबाईलवरही ती चटकन उघडली पाहिजेत. थोरल्याची अजून कुरकुर चालू आहे. सगळ्या देशाचे काय, असे तो दर रविवारी विचारतो. सौभाग्यवती त्याला सांगते, "आधी नेरूळ तरी पुरं कर."

परवा मुलगा शेवटचा कच्चा नमुना घेऊन आला. तिने चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला. दोन ठिकाणी वेलांट्या दुरुस्त केल्या. मग विचारले, "भाऊबीजेनंतर आठ दिवस बायकांना सुट्टी असते. ते कुठं लिहिलंय?"

"काकू, संकेतस्थळ कधी बंद नसतं," तो म्हणाला. "रात्रंदिवस चालूच."

"ते राहू दे चालू," ती म्हणाली. "आम्ही बंद आहोत, एवढं त्याला सांगायला सांग."